मांडणीवरचं मशीन

आमच्या परळच्या चाळीत लोक माझं मशीन बघायला चपला बाहेर काढून यायचे. ते मशीन मी माझ्या हातांनी बांधलं होतं, हे मी आजही सांगते. कोणी विचारलं तरी सांगते, नाही विचारलं तरी सांगते. आई म्हणते, आपली टिमकी आपण वाजवू नये. मी म्हणते, दुसरं कोणी वाजवत नसेल तर तिला काय गंज चढू द्यायचा?

मी लॅमिंग्टन रोडवर कॉम्प्युटर दुरुस्त करते. आयटीआय झाल्यापासून त्याच एका दुकानात, त्याच एका टेबलावर. अजूनही नवीन गिऱ्हाईक आलं की माझ्या डोक्यावरून मागे बघत विचारतं, "मॅडम, रिपेअरवाला किधर है?" मी त्याला बसायला सांगते आणि त्याच्यासमोरच स्क्रू ड्रायव्हर उचलते. त्या वेळी त्याचा जो चेहरा होतो, तो माझ्या पगाराचा भाग आहे असं मी धरून चालते.

घरात आम्ही तिघंच. मी, आई आणि बाबा. बाबा गिरणीतले. म्हणजे उमेदीची चार-सहा वर्षं गिरणीत, आणि उरलेलं आयुष्य गिरणीबद्दल न बोलण्यात. संपानंतर ते एका औषधांच्या गोदामात लागले, आधी माल उचलायला, मग गुडघे गेल्यावर तिथेच वॉचमन म्हणून. आता बरीच वर्षं घरी होते. त्यांच्या लेखी काम म्हणजे मशीनसमोर उभं राहून करायचं ते. खुर्चीत बसून करतात ती नोकरी. मी दिवसभर मान मोडून सोल्डरिंग करायचे, बोटं भाजून घ्यायचे, आणि बाबा शेजाऱ्यांना सांगायचे, "बाय बसायच्या नोकरीत आहे, बरं आहे तिचं." मला त्या वाक्याचा राग यायचा. एकदा तरी या माणसाने माझ्या कामाला काम म्हणावं, एवढं माझ्या मनात होतं.

टाळेबंदीत दुकान बंद झालं, मग अर्धा दिवस उघडायला लागलं, पण गिऱ्हाईक येईना. येत होती ती फक्त ग्राफिक कार्डं शोधणारी मंडळी. चांगल्या गेमसाठी कॉम्प्युटरात जे वेगळं कार्ड बसवतात ते. त्याच्या किमती अशा चढल्या होत्या की एका कार्डात गावी दुभती म्हैस आली असती. मी एकाला विचारलं, एवढे गेम कोण खेळतंय? तो हसला. गेम नाही, मायनिंग, म्हणाला.

ते काय असतं ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. इंटरनेटवरचं एक नाणं असतं. त्याला बँक नाही, मॅनेजर नाही. कोणी कोणाला किती दिलं याचा हिशोब जगभरातली हजारो मशीनं मिळून तपासतात. आपलं मशीन त्या तपासणीत लावलं की त्या नाण्याचा एखादा कण आपल्याला मजुरी म्हणून मिळतो. मशीन जितकं जोरात तितके कण जास्त. वीज मात्र आपली. म्हणजे मजुरी विजेच्या बिलापेक्षा जास्त पडली तर धंदा, नाहीतर हौस. हे कळल्यावर मी जागेवरून उठून दुकानाच्या माळ्यावर गेले.

तिथे शेठने वर्षानुवर्षं मेलेली कार्डं एका खोक्यात टाकून ठेवली होती. गिऱ्हाइकं दुरुस्तीला द्यायची, खर्च ऐकून परत यायची नाहीत. मी त्यातली आठ जीबीची तेवढी वेगळी काढली, कारण त्याहून लहान कार्डं या कामाला चालत नव्हती. शेठने ती मला भंगाराच्या भावात दिली, वर चहा पाजला, आणि माझं काहीतरी बिनसलंय अशी समजूत करून घेतली.

पुढचे काही आठवडे मी ती मेलेली कार्डं उठवत होते. एकाचा पंखा जाम होता, बाकी धडधाकट. एकाचा कपॅसिटर फुटलेला. एकाची आतली चिप कोणा हुशाराने चुकीचं सॉफ्टवेअर भरून बिघडवलेली, ती पुसून पुन्हा लिहिली. एक कोणत्या तरी गेम पार्लरमधलं होतं. त्याच्या जाळीत झुरळाचं अख्खं खानदान नांदत होतं. ते साफ करताना आईने मला खोलीबाहेर, गॅलरीत बसवलं. खोक्यातली काही उठलीच नाहीत, पण सहा उठली. मेलेल्या सहा कार्डांना माझ्या हाताने जीव आला, हे मला तेव्हा जेवढं गोड वाटलं तेवढं पुढे नाणं हातात आल्यावरही वाटलं नाही.

बाकीचं सामान असंच जमवलं. मदरबोर्ड एका ऑफिसने काढून टाकलेल्या कॉम्प्युटरचा. हार्ड डिस्क घेतलीच नाही, सगळं एका पेन ड्राइव्हवर चालवलं. कार्डं मदरबोर्डपासून लांब टांगायला वायरवाले जोड लागतात, त्यांना रायझर म्हणतात, ते बाजारात हिंडून घासाघीस करून घेतले. फक्त पॉवर सप्लाय नवाकोरा आणि चांगला घेतला. पोटाला चिमटा काढला तरी चालतो, पण विजेत कंजुषी केली की घर जळतं. हे मी दुकानातही सगळ्यांना ऐकवत असते.

राहिला सांगाडा. ॲल्युमिनियमचा तयार सांगाडा मिळतो, पण त्याचा भाव ऐकून मी फोन ठेवून दिला. आणि मान वर केली तर समोर भिंतीवर आईची भांड्यांची मांडणी. लोखंडी, चार कप्प्यांची, माझ्या आजीच्या वेळची. कार्डं टांगायला याहून मापाची वस्तू जगात नव्हती. आईला हे सांगितल्यावर तिने आधी माझ्या शिक्षणाचा उद्धार केला, मग लग्नाचा, आणि शेवटी अट घातली: खालचा कप्पा तिचा राहील. मी कबूल झाले. लोखंडाला वीज लागू नये म्हणून जुन्या रबरी चपला कापून प्रत्येक कप्प्यावर त्यांच्या पट्ट्या बसवल्या. वरच्या कप्प्यांवर माझी कार्डं लागली, खालच्यावर आईच्या लोणच्याच्या बरण्या. त्या वर्षी लोणचं लवकर मुरलं. आई ते श्रेय मला देत नाही.

चाळीच्या वायरमनकडून मीटरपासून स्वतंत्र लाइन ओढून घेतली. अर्थिंग तपासलं, ते नव्हतंच, मग ते करून घेतलं. वीज कंपनीकडे लोड वाढवायचा रीतसर अर्ज दिला. चाळीत कोणी कशाचाही अर्ज देत नाही, त्यामुळे तिथला साहेबही चमकला. मग एका सकाळी आई, बाबा आणि शेजारच्या काकू अशा तिघांसमोर मी बटण दाबलं. सहाच्या सहा कार्डांचे पंखे फिरले. खोलीत एक संथ घरघर भरली. काकूंनी हात जोडले. कशाला, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

बाबा खाटेवरून उठून मांडणीजवळ गेले. बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "ह्यातून माल काय निघता?"

मी सांगितलं, माल निघत नाही, हिशोब तपासला जातो. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा खाटेवर जाऊन बसले. ज्यातून माल निघत नाही त्याला ते मशीन म्हणायला तयार नव्हते. त्यांच्या दृष्टीने मी मांडणीवर सहा पंखे लावले होते आणि बरण्यांना वारा घालत होते.

चाळीला मात्र मशीन पटलं, आणि त्याचं कारण अगदी वेगळं. खोलीत उकाडा व्हायला लागला तेव्हा मी दारावरच्या झरोक्यातून एक नळा काढून गरम हवा गॅलरीत सोडली. पावसाळ्याचे दिवस, कोणाचे कपडे वाळत नव्हते. काकूंनी सहज एक ओला परकर तिथे टाकला, आणि तो दुपारपर्यंत खडखडीत. मग काय, आमच्या दारासमोर दोरीवर जागा धरायला नंबर लागले. मजल्यावरच्या बाळंतिणीच्या दुपट्यांना पहिला मान, मग शाळेचे युनिफॉर्म, मग बाकीची प्रजा. त्याच दिवसांत चाळ कमिटीचे दोघे येऊन गेले. पोरगी खोलीत नोटा छापते अशी कुणकुण त्यांना लागली होती. मी मीटर लावून दाखवलं की सगळं मशीन मिळून एका इस्त्रीएवढी वीज खातं. कार्डांना जेवढी वीज लागते तेवढीच द्यायची, जास्त नाही, हे जुळवायला मी किती दिवस घालवले होते ते त्यांना सांगूनही कळलं नसतं, तरी सांगितलं. जाताना कमिटीचे सेक्रेटरी हळूच विचारून गेले की त्यांची पँट टाकली तर चालेल का.

आणि मजुरी यायला लागली. थोडी, पण रोज. विजेचं बिल वजा करून उरेल एवढी. मी काही श्रीमंत झाले नाही, लोक उगाच समजतात. पण दुकानाचा अर्धा पगार आणि मशीनची मजुरी यावर घर ताठ मानेने चाललं, कोणापुढे हात पसरावा लागला नाही. हे सगळं बाबांच्या डोळ्यांसमोर होत होतं, आणि ते चकार शब्द बोलत नव्हते.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्या दुकानातही पूजा असते. टेस्टरपासून सोल्डरिंगच्या बंदुकीपर्यंत सगळ्याला हळदकुंकू. मी सकाळीच गेले आणि दुपारी प्रसादाचा पुडा घेऊन परतले. जिन्यातच लक्षात आलं की घरघर येत नाही. धावत वर गेले. मांडणीला झेंडूचं तोरण होतं, प्रत्येक कार्डावर हळदकुंकवाची बोटं, पुढे नारळ फोडलेला. बाबा धुतलेला शर्ट घालून उभे होते, आणि त्यांच्या हातात आईच्या शिलाई मशीनची तेलाची कुप्पी होती.

त्यांनी मशीन बंद केलं होतं. ओल्या फडक्याने पुसलं होतं. आणि प्रत्येक पंख्यात सढळ हाताने तेल सोडलं होतं, जसं गिरणीत दसऱ्याच्या आदल्या दिवशी करायचे तसं. पुसायचं, तेल द्यायचं, फूल वाहायचं. मी काही बोलायच्या आत त्यांनी बटण दाबलं. पंख्यांनी तेल चहूकडे फेकलं, झेंडूच्या पाकळ्या आत ओढल्या, कुठेतरी पातं तुटल्याचा आवाज झाला आणि जळका वास आला. मी मेन स्विच पाडला.

मी ओरडले. चाळीत पहिल्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असेल. आजही म्हणते, प्रसंग ओरडण्यासारखाच होता. सणासुदीच्या दिवशी मी त्यांना विचारलं की इतकी वर्षं ज्याला मशीन मानलं नाही त्याच्यावर आज तेल ओतायला कोणी सांगितलं होतं. बाबांनी कुप्पी खाली ठेवली. चप्पल घातली आणि निघून गेले.

मी सगळी कार्डं उतरवून गॅलरीत बसले. धुवायच्या स्पिरिटने एकेक पाकळी, एकेक थेंब काढायला लागले. आई नारळाची कवड घेऊन येऊन बाजूला बसली आणि खोबरं काढता काढता बोलायला लागली.

"ते बदली होते, ठाऊक आहे ना तुला?"

मला शब्द ठाऊक होता, बाकी काही नाही. आईने सांगितलं. गिरणीत बदली म्हणजे ज्याला स्वतःचं मशीन नसतं तो. सकाळी गेटवर उभं राहायचं. कायमवाला कामगार आला नाही तर त्या दिवसापुरतं त्याच्या मशीनवर लागायचं. तो आला तर घरी परत. आज या मशीनवर, उद्या त्या, परवा कुठेच नाही. बाबांची गिरणीतली सगळी वर्षं अशी गेली. कायम होणार होणार म्हणता म्हणता संप आला.

"दसऱ्याला ज्याचं मशीन तोच नारळ फोडायचा," आई म्हणाली. "ह्यांनी सगळी वर्षं दुसऱ्याच्या नारळाचं खोबरं खाल्लं. आज पहिल्यांदा स्वतःचा फोडला, आणि तू ओरडलीस."

मी हातातलं कार्ड पुसत राहिले. पण मला एकदम समजलं की बाबा माझ्या मशीनकडे दुरून का बघत होते. त्यांना ते कमी वाटत नव्हतं. ते त्यांचंही आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि दुसऱ्याच्या मशीनला सांगितल्याशिवाय हात लावायची त्यांना सवय नव्हती. आज त्यांनी धीर केला होता. मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं, आणि रागही गेला नाही. दोन्ही एकत्र होतं.

एक कार्ड कायमचं गेलं. बाकीची पाच मी दसऱ्याच्या दिवशी पुन्हा उभी केली, दोन पंखे बदलून. बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी त्यांना उठवलं आणि त्यांच्या हातात रंगाचा नवा ब्रश दिला.

"बाबा, तेल द्यायचं नाही. पाणी नाही. फक्त ह्याने धूळ काढायची, आणि ह्या स्क्रीनवर आकडा ह्याच्या वर गेला तर मला फोन करायचा. उद्यापासून दुकान पूर्ण वेळ आहे. मशीन तुमच्याकडे."

त्यांनी ब्रश उलटसुलट करून बघितला. "तू घरी नसशील तेव्हापुरता?"

"नाही. रोज. मशीन तुमचं."

ते उठले, तोंड धुतलं, आणि मांडणीसमोर जाऊन उभे राहिले.

त्यानंतर मला दुकानात फोन यायला लागले. "तीन नंबर तापलाय." "पाच नंबरचो आवाज बदललो." त्यातले अर्धे फोन फुकटचे असायचे. एकदा पाच नंबरचा आवाज म्हणजे गॅलरीतला कावळा निघाला. एकदा त्यांनी तापमान म्हणून घड्याळाचा आकडा वाचून मला टॅक्सी करून घरी यायला लावलं. मी फोनवर वैतागायचे, शेठ हसायचा. पण घरी आले की कार्डांवर धुळीचा कण नसायचा. बाबा सकाळी आंघोळ करून, शर्टाची बटणं लावून मांडणीसमोर उभे राहायचे. गुडघे दुखतात म्हणून आईने स्टूल दिलं, तर ते त्यांनी ब्रश ठेवायला वापरलं. कोणी बघायला आलं की तेच माहिती द्यायचे. माहिती बरीचशी चुकीची असायची, पण आवाज पक्का. "हात लावायचो नाय," हे सुरुवातीलाच. पुढे मी एक सहावं कार्ड उठवून आणलं तेव्हा ते कुठे टांगायचं हे त्यांनी ठरवलं, मी नाही.

एक दिवस मी जिना उतरत होते आणि वर काकूंनी त्यांना विचारलं, बाय कुठे गेली. बाबा म्हणाले, "कामावर." मी पायरीवर थांबले. नोकरीवर नाही, दुकानात नाही. कामावर. मी त्या दिवशी लॅमिंग्टन रोडपर्यंत एकटीच हसत गेले, आणि डोळे पुसायला मास्क उपयोगी पडला.

वर्ष असं छान गेलं. मग बातमी पक्की झाली. ते नाणं चालवणाऱ्यांनी पद्धतच बदलायची ठरवली होती. यापुढे हिशोब तपासायला मशीनं लागणार नव्हती. ज्यांच्याकडे नाण्यांचा साठा आहे, तो जे गहाण ठेवतील, तेच तपासणार. ठरल्या दिवशी ठरल्या क्षणी जगभरातली आमच्यासारखी सगळी मशीनं एकदम बिनकामाची होणार होती. दुसरी नाणी होती, पण त्यांत विजेचं बिलही सुटलं नसतं. मी सगळ्या बाजूंनी हिशोब करून पाहिला. उत्तर एकच येत होतं.

माझं काही अडत नव्हतं. मशीनने आपली किंमत केव्हाच वसूल करून दिली होती, आणि दुकान जोरात होतं. प्रश्न बाबांचा होता. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाचं स्वतःचं मशीन झालं होतं, आणि ते आता जाणार होतं.

आई म्हणाली, सांगू नकोस. पंखे नुसते चालू ठेव, त्यांना काय कळतंय. बिल आलं तर बघू. मला क्षणभर ते पटलंही. पण मग वाटलं, म्हणजे मी त्यांना खोट्या मशीनसमोर उभं करणार. जे मशीन काही करत नाही त्याची धूळ ते रोज झाडणार. ते मला सहन झालं नसतं.

रविवारी ते ब्रश फिरवत असताना मी सांगितलं. सगळं, तारखेसकट. बाबांचा हात थांबला नाही. त्यांनी चौथं कार्ड पूर्ण केलं, पाचवं घेतलं.

"म्हणजे ज्याच्याकडे पैसो तो शेठ, आणि मशीनवालो घरी," ते म्हणाले.

मी म्हटलं, साधारण तसंच.

सहावं कार्ड झाल्यावर त्यांनी ब्रश स्टुलावर ठेवला आणि तेव्हा, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा, ते गिरणीबद्दल आपणहून बोलले. संप सुरू झाल्यावर ते कितीतरी महिने सकाळी गेटवर जाऊन उभे राहायचे. आज उघडेल, उद्या उघडेल. बाकीचे गावी गेले, कोणी भाजीची गाडी लावली, हे मात्र जात राहिले, कारण बदलीवाला एक दिवस गेला नाही आणि नेमकी त्याच दिवशी जागा निघाली तर? गिरणी संपली आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. एका सकाळी त्यांना स्वतःलाच ते कळलं, आणि मग ते गेले नाहीत.

"तू आधी सांगितलंस," ते म्हणाले. "बरं केलंस."

शेवटचा दिवस आला तेव्हा मी दुकानातून सुट्टी घेतली. ती वेळ भर दुपारची होती. मोबाइलवर उलटी मोजणी चालू होती. जगभरातले मशीनवाले डोळे लावून बसले होते, शेवटच्या क्षणापर्यंत मिळेल तेवढी मजुरी ओढायला. मीही त्यातलीच. मी हिशोबी बाई आहे. हातचा कण सोडणं माझ्या रक्तात नाही. आईने जेवणं आटपली होती. बाबा धुतलेला शर्ट घालून मांडणीसमोर उभे होते.

काही मिनिटं राहिली तेव्हा त्यांनी विचारलं, "ते बंद झालं की काय होईल?"

मी सांगितलं, स्क्रीनवरचा आकडा शून्य होईल. पंखे फिरत राहतील, पण काम मिळणार नाही.

"मग आत्ताच बंद करूया."

मी म्हटलं, बाबा, अजून वेळ आहे. हे शेवटचे कण आहेत, उगाच कशाला सोडायचे?

"बाय, त्यांनी काम बंद करायच्या आधी आपण मशीन बंद करायचं." त्यांनी आवाज चढवला नव्हता, पण मी तो आवाज कधी ऐकला नव्हता. "सांग, आधी काय दाबू?"

मी मोबाइल पालथा ठेवला. आधी कीबोर्डवरून मशीनला थांबायला सांगायचं, हे दाखवलं. त्यांनी एका बोटाने, अक्षरं शोधत, तो हुकूम लिहिला. मी मदत केली नाही. मग त्यांनी मांडणीच्या बाजूचं बटण दाबलं, आणि शेवटी भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. पंखे एकेक करून मंदावले. सहावा सगळ्यांत उशिरा थांबला. दीड वर्षानंतर आमच्या खोलीत रस्त्यावरच्या बसचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मी मेलेल्या कार्डांतून हे उभं केलं होतं. त्याने घर चालवलं होतं. आणि आता ते धडधाकट असताना, स्वच्छ पुसलेलं, ज्याचं होतं त्याच्या हाताने थांबलं होतं. मला छाती भरून अभिमान वाटत होता, मशीनचा आणि माणसाचाही. बाबांनी स्विचवरचा हात काढला, शर्ट सारखा केला.

बाहेर गॅलरीत काकू कोलंबी सोलत बसल्या होत्या. घरघर थांबलेली त्यांच्या लगेच लक्षात आली. तिथूनच त्यांनी हळहळत विचारलं, "काय हो भाऊजी, मशीन बंद पडलं?"

बाबा दारात गेले.

"बंद पडलं नाय, वैनी," ते म्हणाले. "मी बंद केलं."